पेकोस एक नाही, दोन आहेत

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात

डॅलसजवळ राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. २०१२ च्या मार्चमध्ये, ऑस्टिनला एमएस करत असताना, स्प्रिंग ब्रेकला त्या आणि तीन मित्र बिग बेंड नॅशनल पार्कला गेले होते. परतताना मॅरेथॉनहून फोर्ट स्टॉक्टनकडे येणाऱ्या रस्त्यावर पोलिसानं गाडी अडवली. गाडी या चालवत होत्या. त्या प्यायलेल्या नव्हत्या, पण शेजारच्या मित्रानं फोडलेला बिअरचा कॅन दोघांच्या मधल्या कप-होल्डरमध्ये होता. पोलिसानं तिकीट दिलं, सही घेतली आणि जाऊ दिलं. पुढे कोर्टाशी पत्रव्यवहार झाला, यांनी मनीऑर्डरनं पैसे भरले आणि काही महिन्यांनी ‘डिसमिस्ड’ असं लिहिलेला कागद आला. दोन घरं बदलताना तो कागद कुठेतरी गेला.

आता नागरिकत्वाचा अर्ज भरायचा आहे. नवऱ्याचं म्हणणं, ट्रॅफिकचं तिकीट होतं, लिहायची गरज नाही. मैत्रिणीनं सुचवलं, माहिती अधिकारात अर्ज टाक. एक वेबसाइट चाळीस डॉलरमध्ये ‘संपूर्ण कोर्ट रेकॉर्ड’ देते म्हणते. तिकिटावर ‘पेकोस’ होतं एवढं आठवत असल्यानं यांनी पेकोस गावातल्या कोर्टात फोन केला. ‘या नावानं काही नाही’ असं उत्तर मिळालं. त्या विचारतात: “नोंदच नाही म्हणजे प्रश्न मिटला असं धरू का? की वकील लावून ती नोंद कायमची पुसून घेऊ?”

उत्तर

दोन्ही प्रश्नांना उत्तर ‘नाही’. पहिल्याला ठाम नाही, दुसऱ्याला ‘आत्ता तरी नाही’.

आधी भूगोल. टेक्सासमध्ये पेकोस नावाचं गाव आहे आणि पेकोस नावाची काउंटी, म्हणजे जिल्हा, आहे, पण पेकोस गाव पेकोस काउंटीत नाही. ते रीव्हज काउंटीचं मुख्यालय आहे. पेकोस काउंटीचं मुख्यालय फोर्ट स्टॉक्टन, म्हणजे तिथून पन्नासेक मैल दूर. तुम्ही फोन केलात तो दुसऱ्याच काउंटीत. त्या क्लार्कनं जे सांगितलं ते अगदी खरं होतं आणि तुमच्या केसशी त्याचा काहीही संबंध नव्हता. नगरच्या केसची नक्कल नागपूरला मागितली तर दुसरं काय होणार?

शिवाय तुम्ही ज्या रस्त्यानं आलात तो यूएस ३८५ मॅरेथॉनला ब्रूस्टर काउंटीत असतो आणि वाटेत पेकोस काउंटीत शिरतो. ब्रूस्टर ही क्षेत्रफळानं टेक्सासची सगळ्यात मोठी काउंटी, कनेटिकट राज्याहून मोठी. तिचं मुख्यालय अल्पाइन. हद्दीची पाटी डोळ्यांसमोरून कधी गेली ते कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि केस कुठे चालणार हे त्या पाटीवरच ठरतं. तिकिटावर ‘पेकोस’ वाचल्याचं आठवतंय म्हणजे बहुधा पेकोस काउंटी. तिथून सुरुवात करा, पण अल्पाइनचा फोन नंबरही हाताशी ठेवा.

आता नवऱ्याच्या म्हणण्याकडे. त्यांचा तर्क अगदी निराधार नाही. नागरिकत्वाच्या अर्जाच्या, म्हणजे एन-४०० च्या, सूचनांमध्ये खरोखरच एक सवलत आहे: अटक झाली नसेल आणि शिक्षा म्हणून फक्त ५०० डॉलरपेक्षा कमी दंड किंवा लायसनवर पॉइंट एवढंच असेल, तर ट्रॅफिकच्या तिकिटाचे कागद जोडावे लागत नाहीत. पण त्याच वाक्यात अट आहे की प्रकरण दारू किंवा अमली पदार्थांचं नसावं. तुमचं तिकीट वेगमर्यादेचं नाही. टेक्सास पीनल कोडच्या कलम ४९.०३१ खाली, गाडीत उघडं मद्य बाळगल्याचं ते आहे. सवलत तिथेच संपते.

दुसरं असं की ही सवलत कागद जोडण्यापुरती आहे, उत्तर देण्यापुरती नाही. अर्जातला प्रश्न ‘तुम्हाला कधी अटक झाली का’ एवढाच नाही. कधीही अटक झाली, ‘साइट’ केलं गेलं, ताब्यात घेतलं गेलं किंवा गुन्ह्याचा आरोप ठेवला गेला का, असा तो आहे. ‘साइट’ म्हणजे तिकीट देणं. अटक झाली नाही हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. या कलमात तर पोलिसानं माणसाला लगेच मॅजिस्ट्रेटसमोर न नेता लेखी तिकीट देऊन सोडावं असंच म्हटलं आहे. पण म्हणून उत्तर ‘नाही’ होत नाही. आणि ‘कधीही’ म्हणजे कधीही. पाच वर्षांचा हिशेब चांगल्या वर्तणुकीच्या मुख्य कालावधीसाठी असतो, या प्रश्नासाठी नाही.

हा क्लास सी मिसडिमिनर, म्हणजे किरकोळ गुन्हा आहे. टेक्सासच्या फौजदारी कायद्यातली ही सगळ्यात खालची पायरी: जास्तीत जास्त ५०० डॉलर दंड, तुरुंगवास नाही. इतक्या जुन्या अशा एकाच प्रकरणानं सहसा कुणाचं नागरिकत्व अडत नाही. मुलाखतीत शपथेवर खोटं बोलल्यानं मात्र अडतं, कारण त्यासाठी कायद्यात वेगळं कलम आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची हे आपल्याकडे ठीक. इथे ती उघडी ठेवलेली स्वस्त पडते.

मग कागद कुणाकडे? बहुतेकांची चूक इथे होते. ‘काउंटीतलं कोर्ट’ म्हटलं की लोक काउंटी क्लार्कला फोन करतात. टेक्सासच्या २५४ काउंट्यांमध्ये साधारण वाटणी अशी आहे: मोठे गुन्हे डिस्ट्रिक्ट कोर्टात, त्यांचे कागद डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे. क्लास ए आणि बी मिसडिमिनर काउंटी कोर्टात, त्यांचे कागद काउंटी क्लार्ककडे. क्लास सी मात्र या दोघांकडेही नसतात. ते ‘जस्टिस ऑफ द पीस’ कोर्टात, म्हणजे जेपीकडे जातात. आणि गावाच्या हद्दीत गावच्या पोलिसानं तिकीट दिलं असेल तर त्या गावाच्या म्युनिसिपल कोर्टात. काउंटी क्लार्कनं ‘आमच्याकडे काही नाही’ म्हटलं तर ती फक्त आपल्या कपाटाबद्दल बोलत असते.

एका काउंटीत जेपीचे एक ते आठ विभाग असू शकतात. त्यांना प्रिसिंक्ट म्हणतात. प्रत्येकाचा जज वेगळा, ऑफिस वेगळं, दप्तर वेगळं. ग्रामीण काउंटीत जेपीचं ऑफिस मुख्य कोर्टाच्या इमारतीत असेलच असं नाही. लांबच्या प्रिसिंक्टचं ऑफिस एखाद्या छोट्या गावातल्या दोन खोल्यांत असतं आणि तिथे जज आणि एक क्लार्क एवढाच कारभार असतो. जज वकील असावाच लागतो असंही नाही. क्लार्क सुट्टीवर गेली की फोन वाजत राहतो. सकाळी नऊ-साडेनऊला करा, बारा ते एक टाळा. एल पासो आणि हडस्पेथ या पश्चिम टोकाच्या काउंट्यांचं घड्याळ बाकी टेक्सासच्या एक तास मागे असतं. तुम्हाला त्याची अडचण नाही, पण तिकडच्या तिकिटाचे कागद शोधणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

तुमचा प्रिसिंक्ट ओळखायला पहिला धागा म्हणजे तिकीट दिलं कुणी. काळी-पांढरी गाडी आणि डोक्याला काउबॉय हॅट असेल तर तो राज्याचा हायवे पोलिस, म्हणजे ट्रूपर. तो डीपीएसचा, टेक्सासच्या सार्वजनिक सुरक्षा खात्याचा माणूस. शेरीफचा डेप्युटी असेल तर काउंटीचा माणूस. दोघांचीही क्लास सी तिकिटं जेपीकडेच जातात. सोबतच्या तिघांपैकी कुणाला काही आठवतंय का ते विचारा. अशा ट्रिपचे फोटो कुणाच्या तरी जुन्या अकाउंटवर पडलेले असतात आणि थांबवलेल्या जागेच्या आसपासच्या फोटोत वेळ आणि ठिकाण दोन्ही सापडतं. मनीऑर्डर घेतल्याची अर्धुकली पावती, कोर्टाचं पत्र आलेलं पाकीट, त्या वर्षीचे ईमेल, सगळं चाळा. पाकिटावरचा पत्ता मिळाला तर शोध तिथेच संपला.

काहीच मिळालं नाही तर टेक्सासच्या ऑफिस ऑफ कोर्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या संकेतस्थळावर सगळ्या कोर्टांची डिरेक्टरी आहे. त्यातून पेकोस काउंटीतल्या प्रत्येक जेपीचा नंबर घ्या आणि एकेकाला विचारा. ‘फोर्ट स्टॉक्टनच्या दक्षिणेला ३८५ वरची तिकिटं २०१२ मध्ये कुठल्या प्रिसिंक्टला जात?’ हा प्रश्न क्लार्कला चटकन कळतो. २०१२ हा शब्द सोडू नका. जनगणनेनंतर प्रिसिंक्टच्या हद्दी बदलू शकतात, आणि आजचा नकाशा तेव्हाचाच असेल असं नाही.

आता नावाकडे येऊ, कारण मराठी बायकांची अर्धी शोधाशोध इथेच फसते. तुम्ही फोनवर कुठलं नाव सांगितलंत? पत्राखाली सही सासरच्या आडनावानं आहे. २०१२ मध्ये तुमचं लग्न झालेलं नव्हतं. समजा, तेव्हा तुम्ही सायली प्रकाश देशमुख होता आणि आता सायली निखिल कुलकर्णी आहात. कोर्टाच्या नोंदीत कुलकर्णी असणारच नाही. देशमुखही सरळ सापडेल याची खात्री नाही. आपल्या पासपोर्टमध्ये वडिलांचं नाव ‘गिव्हन नेम’मध्ये जोडून येतं, त्यामुळे कुणी ‘देशमुख, सायली पी.’ लिहितं, कुणी ‘सायलीप्रकाश’ असं एकच नाव करतं, तर कुणी ‘प्रकाश’लाच आडनाव समजून त्याखाली नोंद करतं. रात्री रस्त्याच्या कडेला टॉर्चच्या उजेडात लिहिताना सायलीतला एक ‘ए’ गळाला तर यंत्रातला शोध कोराच येतो. जन्मतारखेचंही तसंच. तुमचा जन्म ७ मार्चचा असेल तर इथे ०३/०७ लिहितात, आपल्याकडे ०७/०३. ज्या कागदावरून पोलिसानं उतरवलं त्यावर अवलंबून दोन्हींपैकी काहीही असू शकतं.

म्हणून क्लार्कला एक नाव सांगून थांबू नका. माहेरचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव आडनाव धरून, स्पेलिंगचे दोन-तीन प्रकार, तारीख दोन्ही तऱ्हांनी, सगळं एका कागदावर लिहून समोर ठेवा आणि एकेक करून शोधायला सांगा. तेव्हा टेक्सासचं लायसन असेल तर त्याचा नंबर जरूर द्या. नाव बदललं तरी तो नंबर सहसा तोच राहतो. तिकीट नंबर किंवा कॉज नंबर (तिकडे केस नंबरला कॉज नंबर म्हणतात) मिळाला तर नावाची भानगडच उरत नाही.

बोलण्याचा सूर साधा ठेवा. नागरिकत्वाची गोष्ट, काळजी, वकिलाचं मत यातलं काही सांगायची गरज नाही. कोर्टाची नोंद सार्वजनिक असते, कारण विचारलं जात नाही. ‘याचा माझ्या अर्जावर परिणाम होईल का?’ असं क्लार्कला विचारू नका. कायदेशीर सल्ला द्यायची त्यांना मनाई असते आणि असा प्रश्न आला की त्या बाकीचंही मोजूनमापून बोलू लागतात. फोनवर चार गोष्टी विचारून घ्या: फाइल आहे का, किती पानं आहेत, प्रमाणित प्रतीचे किती पैसे होतील आणि पैसे कुणाच्या नावे, कुठल्या प्रकारे पाठवायचे. काउंटी क्लार्ककडे हा दर एका पानाला १ डॉलर आणि प्रमाणपत्राचे ५ डॉलर असा असतो. जेपीचा दर वेगळा असतो, पण या प्रकारची फाइल जाड नसते. खर्च किरकोळच येतो. वैयक्तिक चेक बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत, मनीऑर्डर सगळीकडे चालते.

त्यानंतर पत्र. एक पान, इंग्रजीत, टाइप केलेलं. वर तेव्हाचं नाव, ‘पूर्वीचं नाव’ असं स्पष्ट म्हणून, मग जन्मतारीख, महिना अक्षरात, तिकिटाची तारीख किंवा निदान महिना आणि वर्ष, आरोप, ‘ओपन कंटेनर’, रस्ता, कॉज नंबर कळला असेल तर तो. फोनवर जिच्याशी बोललात त्या क्लार्कचं नाव आणि बोलल्याची तारीख शेवटच्या ओळीत टाका, म्हणजे पाकीट उघडणाऱ्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. सोबत मनीऑर्डर आणि स्वतःचा पत्ता लिहून पुरेशी टपाल तिकिटं लावलेलं मोठं पाकीट. ट्रॅकिंग असलेल्या टपालानं पाठवा. दोन संच मागवा. एक अर्जासाठी, एक घरी. पुढे हाच कागद दुसऱ्या कुठल्या कामाला लागला तर पुन्हा वारी नको. डॅलसहून फोर्ट स्टॉक्टन सुमारे चारशे मैल आहे, आणि एवढ्यासाठी जायचं कारण नाही.

काय मागायचं यावर मात्र थोडं थांबू. तुमच्या पत्रातला एक क्रम ओळखीचा आहे: पैसे भरले, काही महिने गेले, मग ‘डिसमिस्ड’. टेक्सासमध्ये याला ‘डिफर्ड डिस्पोझिशन’ म्हणतात. आरोपी ‘गिल्टी’ किंवा ‘नो कॉन्टेस्ट’ (गुन्हा कबूल नाही, पण आरोप लढवतही नाही) असं उत्तर देतो, जज निकाल जास्तीत जास्त १८० दिवस पुढे ढकलतो, काही अटी आणि रक्कम लावतो. अटी पाळल्या की केस काढून टाकली जाते. राज्याच्या दृष्टीनं ही दोषसिद्धी नाही. पण इमिग्रेशनच्या कायद्याची व्याख्या वेगळी आहे. कलम १०१(ए)(४८)(ए) प्रमाणे गिल्टी किंवा नो कॉन्टेस्टची कबुली आणि त्यासोबत कुठल्याही स्वरूपाची शिक्षा, दंड किंवा बंधन असेल तर ती दोषसिद्धी धरली जाऊ शकते, पुढे केस डिसमिस झाली तरी. म्हणून नुसतं ‘डिसमिस्ड’चं शेवटचं पान मागवून ‘चला, सुटलो’ म्हणू नका. तिकीट किंवा तक्रार, तुमचं उत्तर, डिफर्डचा आदेश, पैसे भरल्याची आणि अटी पूर्ण केल्याची नोंद, डिसमिसचा आदेश आणि डॉकेटचं, म्हणजे कोर्टाच्या केस-नोंदवहीचं पान, असं सगळं हवं. पत्रात ‘कम्प्लीट केस फाइल, इन्क्लूडिंग फायनल डिस्पोझिशन, सर्टिफाइड’ हेच शब्द वापरा. अर्जातल्या ‘दोषी ठरला का’ या प्रश्नाचं उत्तर काय लिहायचं ते हे कागद समोर ठेवून इमिग्रेशन वकिलाला विचारा. हातात कागद असतील तर ते अर्ध्या तासाचं काम आहे. नसतील तर वकीलही तुमच्यासारखाच अंदाज बांधत बसतो आणि त्या अंदाजाची फी घेतो.

प्रमाणित प्रत म्हणजे आपल्याकडची शिक्क्याची नक्कल. ‘ट्रू अँड करेक्ट कॉपी’ असा मजकूर, क्लार्क किंवा जजची सही, तारीख आणि कोर्टाचा शिक्का, एवढं तिच्यावर हवं. क्लार्कनं ईमेलनं पीडीएफ पाठवली तर ती वाचायला उत्तम, पण ती प्रमाणित प्रत नाही. शिक्का कधी शाईचा असतो, कधी नुसता उठावाचा. उठावाचा शिक्का स्कॅनमध्ये दिसतच नाही. ऑनलाइन अर्ज करणार असाल तर त्यावर पेन्सिलीचं शिसं आडवं धरून हलकं फिरवा, अक्षरं वर येतात. आणि स्टेपल काढू नका. सुटी करून स्कॅनरमध्ये टाकलेली आणि पुन्हा टाचलेली नक्कल पाहिली की मधलं पान बदललं का असा संशय घ्यायला जागा राहते. पानं दुमडून एकेक स्कॅन करा. मूळ प्रत मुलाखतीला जशीच्या तशी न्या.

मैत्रिणीच्या माहिती अधिकाराबद्दल. केंद्राचा एफओआयए कायदा केंद्रीय खात्यांसाठी आहे, राज्याच्या कोर्टाला तो लागू नाही. टेक्सासचा स्वतःचा पब्लिक इन्फर्मेशन अ‍ॅक्ट आहे, पण त्यातून न्यायसंस्था वगळलेली आहे. असा अर्ज जेपीला पाठवलात तर तो बाजूला पडेल किंवा ‘आम्हाला लागू नाही’ असं उत्तर येईल. साध्या पत्रानं जे आठवड्यात झालं असतं त्याला महिना लागेल. गंमत अशी की हाच कायदा डीपीएसला लागू आहे. तिकीट ट्रूपरनं दिलं असेल आणि जेपी सापडतच नसेल तर त्या तिकिटाच्या प्रतीसाठी डीपीएसकडे अर्ज करता येतो. माहिती द्यायची नसेल तर त्यांना कामकाजाच्या १० दिवसांत अ‍ॅटर्नी जनरलकडे जावं लागतं. मैत्रीण पूर्ण चुकीची नाही, दार चुकलंय.

चाळीस डॉलरच्या वेबसाइटचा विचार सोडून द्या. तिच्याकडचा कागद कितीही सुबक असला तरी त्यावर कोर्टाचा शिक्का नाही. डीपीएसच्या दोषसिद्धीच्या डेटाबेसमध्येही तुमची केस दिसणार नाही, कारण तिथे क्लास बी आणि त्यावरच्या गुन्ह्यांची नोंद जाते. एफबीआयकडून १८ डॉलर भरून स्वतःचा अहवाल मागवता येतो, पण तो बोटांच्या ठशांवर चालतो. रस्त्यावर तिकीट घेऊन निघालेल्यांचे ठसे घेतलेले नसतात. तिथे कोरं पान आलं म्हणून केस नव्हती असं होत नाही.

आता समजा, योग्य प्रिसिंक्ट सापडला, सगळी नावं शोधून झाली आणि तरी फाइल नाही. हे अगदी शक्य आहे. जेपी आणि म्युनिसिपल कोर्टांचे कागद किती वर्षं ठेवायचे याचं वेळापत्रक टेक्सासच्या स्टेट लायब्ररी अँड आर्काइव्हज कमिशननं ठरवलं आहे, आणि मुदत संपली की कागद कायदेशीरपणे नष्ट करता येतात. हे ऐकल्यावर फोन ठेवू नका. आधी विचारा, ‘केसचे कागद गेले असतील, पण डॉकेटची नोंद आहे का?’ कागद गेल्यावरही डॉकेटची एक ओळ मागे राहिलेली असू शकते, आणि त्या एका ओळीत आरोप, तारीख आणि निकाल असतो. त्याचीच प्रमाणित प्रत घ्या.

तेही नसेल तर कोर्टाच्या लेटरहेडवर शिक्क्यासह पत्र मागा. ‘टू हूम इट मे कन्सर्न, नो रेकॉर्ड फाउंड’ एवढ्या एका ओळीच्या पत्राचा फारसा उपयोग नाही. कुठली कुठली नावं शोधली, जन्मतारीख, कुठल्या वर्षांच्या नोंदी पाहिल्या, आणि कागद नष्ट झाले असतील तर ते वेळापत्रकानुसार झाले, हे त्यात असायला हवं. माहेरचं नाव त्या पत्रात नसेल तर ते पत्र म्हणजे तुम्हाला पेकोस गावात मिळालेलं उत्तरच, फक्त शिक्क्यासह. तसंच पत्र काउंटी क्लार्ककडूनही घ्या. मग अर्जात स्वतःच्या शब्दांत काय घडलं ते लिहा आणि दोन्ही पत्रं जोडा.

शोधताना थकबाकी किंवा वॉरंट निघालं तर? तुम्ही लायसन अनेकदा विनासायास नूतन केलं असेल तर शक्यता कमी. न भरलेल्या तिकिटावर लायसनचं नूतनीकरण अडवण्याची व्यवस्था टेक्सासमध्ये आहे, सगळ्या काउंट्या ती वापरतात असं मात्र नाही. निघालंच तर पैसे भरून मोकळं व्हायची घाई करू नका. नुसते पैसे भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं ठरू शकतं. त्या क्षणी वकील.

आणि पुसून घेण्याबद्दल. टेक्सासमध्ये डिफर्डनंतर डिसमिस झालेल्या क्लास सी केसची नोंद काढून टाकण्यासाठी अर्ज करता येतो, त्याला एक्सपंक्शन म्हणतात. नोकरीच्या चौकशीसाठी त्याचा फायदा आहे. पण इमिग्रेशनच्या अर्जात पुसलेली नोंदही सांगावीच लागते आणि पुसल्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत जोडावी लागते. आधी पुसून मग अर्ज करणाऱ्यांची कोंडी होते: अधिकारी मूळ कागद मागतो, कोर्ट म्हणतं आमच्याकडे अशी केसच नाही, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. पुसायचंच असेल तर आधी प्रमाणित नकलांचे दोन संच घरात येऊ द्या, नागरिकत्वाची शपथ होऊ द्या, मग निवांत बघा.

इतर राज्यांतल्या वाचकांसाठी: दारांची नावं बदलतात, घोळ तोच राहतो. कॅलिफोर्नियात ५८ काउंट्यांत प्रत्येकी एकच सुपीरियर कोर्ट आहे, त्यामुळे शोध सोपा. न्यूयॉर्कच्या ग्रामीण भागात अशी तिकिटं टाउन किंवा व्हिलेज जस्टिस कोर्टात जातात, आणि तिथेही काउंटी क्लार्कला विचारून लोक रिकाम्या हातानं परततात. पेनसिल्व्हेनियात मॅजिस्टेरियल डिस्ट्रिक्ट जजकडे जातात. तिथे राज्याच्या पोर्टलवर डॉकेट घरबसल्या दिसतं, पण शिक्क्याची प्रत त्या ऑफिसातूनच घ्यावी लागते. लुइझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात. ग्रीन कार्डच्या अर्जालाही हेच कागद लागतात, त्यामुळे तिकीट कालचंच असेल तर डिसमिसचा कागद हाती पडताच प्रमाणित प्रत मागून ठेवा. फाइल टेबलावर असते तेव्हा ते पाच मिनिटांचं काम असतं.

तुमच्याबाबत, नकला हातात येईपर्यंत एन-४०० भरू नका. आल्यावर तारीख, ठिकाण आणि निकाल त्यांच्यावरूनच उतरवा, आठवणीतून नाही. गुन्ह्याच्या रकान्यात ‘ट्रॅफिक’ लिहायचा मोह होईल. तिथे नकलेवर जो आरोप छापलेला आहे, तोच शब्दशः लिहा. आणि पहिला फोन करायच्या आधी जुना, रद्द झालेला पासपोर्ट शोधून काढा. २०१२ मध्ये तुमचं नाव नेमकं कसं लिहिलं जायचं ते त्याच्या पहिल्या पानावर आहे.